पहिल्या नावापासून शोध

मुलुंड (पूर्व)
१० जुलै १९८८

ती. चंदूदादा,

नमस्कार. तुझं पाकीट मिळालं. त्यातला वहिनीचा कागद वहिनीला दिला, मी वाचला नाही. शपथ मात्र घ्यायला लावू नकोस.

वहिनी बरी आहे. सातवा लागलाय. आई दुधाचा पेला घेऊन तिच्यामागे घरभर फिरते आणि वहिनी माझ्याकडे बघून डोळे फिरवते. देवगडहून तिच्या आईचं पुन्हा पत्र आलंय, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं म्हणून. पण ओ निगेटिव्ह रक्त म्हटल्यावर डॉक्टरांनी साफ सांगितलंय, मुंबई सोडायची नाही. तू तिकडे मस्कतला आणि ती इथे, त्यामुळे सगळ्यांच्या काळजीचा मक्ता माझ्याकडे आलाय.

आता माझं रडगाणं. आमच्या घाटकोपरच्या रक्तपेढीला एका कारखानदाराने कॉम्प्युटर दिला आणि मी कोर्स केलेला, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. साडेपाच हजार रक्तदात्यांची कार्डं मी त्यात भरली. नाव, पत्ता, रक्तगट, कुठल्या मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं ते सगळं. मग पुस्तकात वाचून इंडेक्स बनवले. नावाचा एक, रक्तगटाचा एक, उपनगराचा एक, मंडळाचा एक. शोधायला झकास! रक्तगट टाकला की नाव हजर. पण नवं नाव भरताना वाट लागते. एंटर दाबलं की मशीनवरचा तांबडा दिवा लुकलुकत बसतो आणि मी नखं खात बसते. आमचे ट्रस्टी सीतारामभाऊ येऊन मागे उभे राहतात आणि म्हणतात, "अहो अनुपमाबाई, कार्डावर लिहिणं यापेक्षा लवकर व्हायचं."

तू तिथे दिवसभर हेच करतोस ना? मशीन बिघडलंय की मी?

तुझी
अनु

---

मस्कत
२२ जुलै १९८८

चि. अनु,

अनेक आशीर्वाद. मशीनही बिघडलेलं नाही आणि तूही नाहीस. तू हावरटपणा केलायस एवढंच.

असं बघ. तुझी मूळ फाइल म्हणजे माणसं जशी आली तशी एकाखाली एक लिहिलेली. तिच्यात कोणाला शोधायचं तर पहिल्या नावापासून वाचत जावं लागतं. इंडेक्स असला की वाचावं लागत नाही, सरळ त्या माणसाकडे बोट जातं. पण प्रत्येक नवं नाव प्रत्येक इंडेक्समध्ये योग्य जागी बसवावं लागतं. आपल्याकडे काही ठरलं की आई चार घरी सांगायला जाते ना, तसं. प्रत्येक घरी बसायचं, चहा घ्यायचा, उठायचं. घरं कमी केली तर वेळ वाचतो. मात्र ज्या घरी सांगितलं नाही त्यांना उद्या कोणी विचारलं, तर ते म्हणणार, आम्हाला काही माहीत नाही. ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच माहीत नसतं.

तेव्हा आधी ठरव, तुला रोज कुठला प्रश्न विचारला जातो? त्याचा इंडेक्स ठेव. बाकीचे प्रश्न महिन्यातून एकदा येत असतील तर त्यांनी थांबावं. लिहिणं आणि शोधणं दोन्ही भन्नाट वेगात हवं असेल तर त्याला माझ्या कंपनीकडेही उपाय नाही.

सुगंधाच्या कागदावर या वेळी चारच ओळी होत्या. एरवी ती कागद उलटा करून समासातही लिहिते. ती खरंच बरी आहे ना? तू मला विनोद करून सांगतेस तेव्हा मला जास्त भीती वाटते. इथे फोन लावायचा म्हणजे सगळ्यांसमोर ओरडत बोलायचं, त्यात काय विचारणार? तू लिही.

चंदू

---

मुलुंड (पूर्व)
७ ऑगस्ट १९८८

ती. दादा,

नमस्कार. तुझं पत्र वाचून मी आठवडाभर टेलिफोनशेजारी कान देऊन बसले. सगळ्यांचा प्रश्न एकच. "अमुक रक्तगट हवा, तमुक ठिकाणी, आज." म्हणून रक्तगट आणि उपनगर जोडून दोन्हींचा मिळून एकच इंडेक्स केला. नावाचा ठेवला, नाहीतर एकाच माणसाची दोनदा नोंद होते. मंडळाचा मी उडवणार होते, पण सीतारामभाऊंचा त्यात जीव. कुठल्या मंडळाने किती बाटल्या दिल्या, कोणाला बक्षिसाची ढाल द्यायची, हे त्यांना बटण दाबताच दिसायला हवं. मी म्हटलं, "भाऊ, ढाल वर्षातून एकदा देता." ते म्हणाले, "आणि ती मंडळं आहेत म्हणून तुमची रक्तपेढी आहे." त्यांचंही अगदीच चूक नाही. तर आता तीन इंडेक्स आहेत.

गणपतीत, १८ सप्टेंबरच्या रविवारी, भांडुपच्या एका मंडळात मोठं शिबिर आहे. भाऊंनी ठरवलंय, कॉम्प्युटर मंडपात न्यायचा. लोकांनी रांगेत उभं राहून बघायला हवा म्हणे. तीन इंडेक्सवर ती रांग कशी पुढे सरकणार, या विचाराने मला आत्तापासून घाम फुटलाय.

वहिनीला डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, म्हणून तिचा कागद छोटा. बाळंतपणाच्या वेळी ओ निगेटिव्हच्या दोन बाटल्या हाताशी असाव्यात असंही सांगितलंय. खबरदारी म्हणून सांगतात तसं. बाटली तीन आठवडेच टिकते, ऑक्टोबरची आत्ता ठेवून उपयोग नाही. म्हणून माणसं लक्षात ठेवायची. मी रोज कामावर गेले की पहिल्यांदा ओ निगेटिव्ह, मुलुंड आणि भांडुप असं टाकून बघते. सात नावं येतात. रोज तीच सात. सात खूप झाली ना रे?

तुझी
अनु

---

मस्कत
२० ऑगस्ट १९८८

चि. अनु,

आशीर्वाद. सात पुष्कळ झाली. दोघं मिळाले तरी काम झालं. पण विश्रांती का सांगितलीय ते तू लिहिलं नाहीस. सांगणार असशील तर आत्ता सांग. माझा करार नोव्हेंबरपर्यंत आहे आणि पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. तरी खरंच तसं काही असेल तर मी साहेबाच्या दारात जाऊन बसेन. नसेल तर उगाच तोंड वाजवून नोकरी घालवायची नाही. म्हणून मला खरं काय ते कळायला हवं.

आता तुझं शिबिर. सोपं आहे. त्या दिवशी रक्तगटाचा इंडेक्स बंदच ठेव. नावं मूळ फाइलमध्ये जातील, फक्त त्या एका घरी आमंत्रण जाणार नाही. संध्याकाळी पेढीवर परतलीस की तो इंडेक्स नव्याने बांधून घे. सगळी फाइल पुन्हा लावायला बराच वेळ लागेल, पण एकदाच. मंडळाचा बंद केलास तर भाऊ तुला मंडपातच विसर्जित करतील, तो राहू दे. आणि शिबिरात रक्तगट शोधायला कोण बसलंय? तिथे लिहायचं काम, शोधायचं नाही.

सुगंधाला सांग, मी रोज कॅलेंडरवर काट मारतो. आईला नमस्कार.

चंदू

---

मुलुंड (पूर्व)
२ सप्टेंबर १९८८

ती. दादा,

घाईत लिहितेय. विश्रांती पाय सुजतात म्हणून. पाय कोणाचे सुजत नाहीत? तू साहेबाच्या दारात बसू नकोस, वहिनीनेच निक्षून सांगितलंय. ती म्हणते, नोव्हेंबरात बाळ दाखवायलाच या.

बाबा पुढच्या आठवड्यात गणपतीला गावी निघतील. आई वहिनीसाठी राहतेय, या वर्षी तिचं पहिल्यांदाच गाव चुकतंय. आपली सोसायटी आत्तापासून रिकामी व्हायला लागलीय, जिन्यात नुसत्या ट्रंका.

शिबिरासाठी तुझं ऐकावं की नाही, ठरत नाही. रक्तगटाचा इंडेक्स बंद करायचं माझ्या मनात नाही. का ते विचारू नकोस.

तुझी
अनु

---

तार
मुलुंडहून मस्कतला, १९ सप्टेंबर १९८८

मुलगी झाली. दोघी सुखरूप. काळजी नको. पत्र येत आहे. अनुपमा.

---

मस्कत
२१ सप्टेंबर १९८८

अगं आत्याबाई!

तार हातात पडली तेव्हा मी कॅन्टीनमध्ये होतो. इथल्या आपल्या सगळ्या मंडळींना जिलबी वाटली. आमच्या साहेबाने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय. सुगंधाला काय लिहू? वेगळा कागद सुरू केला आणि दोन ओळींवर अडकलो.

मुलगी कोणासारखी आहे? तारीख तर ऑक्टोबरच्या मध्यावर होती ना, मग इतक्या लवकर कशी? होतं म्हणतात असं. इथे एकाच्या मुलाचंही झालं होतं. वजन किती आहे ते लिही. रडते का जोरात?

आणि शिबिर कसं झालं? इंडेक्स बंद ठेवलास ना? सांगितलं होतं की नाही, काही बिघडत नाही म्हणून.

मुलीचा बाप

---

मुलुंड (पूर्व)
२१ सप्टेंबर १९८८

ती. दादा,

तार खरी आहे. आत्ता लिहितेय तेव्हाही दोघी सुखरूप आहेत. हे आधी दोनदा वाच आणि मग पुढे वाच.

मी तुला दीड महिना खोटं लिहीत होते. वहिनीचे पाय सुजले नव्हते. सोनोग्राफीत दिसलं होतं की बाळाची वार गर्भाशयात खाली आहे, अगदी बाहेर यायच्या वाटेवरच. ऑगस्टमध्ये एकदा थोडं रक्तही गेलं. डॉक्टर म्हणाले होते, पडून राहायचं, रक्त तयार ठेवायचं, कधीही पळापळ होईल. वहिनीने मला शपथ घातली की तुला कळवायचं नाही. मी मानली. रागाव माझ्यावर, पण नंतर.

रविवारी सकाळी भांडुपला मंडपात कॉम्प्युटर मांडला. वर हा मोठा फलक, "संगणकीकृत रक्तदान शिबिर". सीतारामभाऊ नवऱ्यामुलाच्या बापासारखे मिरवत होते. आधी नोंद, मग वजन, मग रक्त. सुरुवातीला मी तिन्ही इंडेक्स चालू ठेवले. पण प्रत्येक नावाला दिवा लुकलुकत राहायचा आणि रांग मंडपाबाहेर गेली. लोक वैतागले. "ओ मॅडम, रक्त द्यायला आलोय, रॉकेल घ्यायला नाही!" काही जण निघून गेले, मी बघितलं त्यांना जाताना. मग घाबरून मी रक्तगटाचा इंडेक्स बंद केला, तू सांगितलंस तसा. रांग भराभर सरकायला लागली. मला इतकं हलकं वाटलं की मी एक वडापावसुद्धा खाल्ला.

दुपारी समोरच्या वाण्याच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. आई होती, नर्सिंग होममधून. "सुगंधाला खूप जातंय. आत्ताच ऑपरेशन करतायत. रक्त घेऊन ये गं." एवढंच बोलली आणि फोन ठेवला.

मी पळत येऊन नोंदणी थांबवली आणि ओ निगेटिव्ह शोधलं. तीच सात नावं. चौघांकडे फोन होते. वाण्याच्या फोनवरून लावले, घंटा वाजतेय आणि वाजतेय. चौथ्याकडे शेजारणीने उचलला. म्हणाली, "ते ना, गणपतीला गावी गेलेत. गौरी-गणपती करूनच येतील." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, दादा. परब, राणे, तावडे, सगळी आपलीच माणसं, मालवण-कणकवलीकडची. दर वर्षी गणपतीला आपण घराला कुलूप लावून जातो. आपले बाबा गेले, त्यांची ट्रंक मीच बांधली. आणि रोज ती सात नावं बघताना मला हे एकदाही सुचलं नाही. दुसरी उपनगरं टाकून बघितली, तीच गत. दुसऱ्या पेढ्यांना फोन केले, ओ निगेटिव्ह कुठेच नव्हतं.

मग तुझं ते न सांगितलेलं घर आठवलं. इंडेक्स बंद केल्यावर आलेल्या माणसांची त्याला खबरच नव्हती. त्यांच्यात कोणी असेल तर? इंडेक्स नव्याने बांधायचा तर फार वेळ जाणार. मी तो सोडून दिला आणि मूळ फाइलच पहिल्या नावापासून वाचायला लावली. शेवटून सुरू केलं असतं तर केवढा वेळ वाचला असता, पण हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. त्या वेळी डोकं बधिर झालं होतं.

दिवा लागला आणि लागूनच राहिला. पडद्यावर काही नाही. मंडपाची वीज जनरेटरवर, दिव्यांच्या माळा मध्येच मंद व्हायच्या. मशीन बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात सीतारामभाऊ आले. "अहो, नगरसेवक आलेत, जरा मंडळाची यादी काढून दाखवा." मी म्हटलं, "भाऊ, माझी वहिनी मरतेय. कोणी हात लावला तर मी तो हात तोडीन." मी हे असं बोलले, आपल्या ट्रस्टींना, नगरसेवकासमोर. भाऊंचा चेहरा पांढरा पडला. ते गेले आणि जनरेटरशेजारी खुर्ची टाकून स्वतः बसले. फिरकू दिलं नाही कोणाला तिकडे.

जुनी नावं येत राहिली, तीच गावी गेलेली. आणि मग एक नवं. अंबादास, टेंभीपाडा, भांडुप. मीच लिहिलेलं, त्याच सकाळी. मी उडीच मारली. आणि लगेच खाली बसले. त्याच सकाळी म्हणजे हा माणूस रक्त देऊन गेलेला. त्याचं पुन्हा कसं घेणार? माझं रडू आवरेना. आमची टेक्निशियन मालनताई माझ्याकडे बघत राहिली आणि ओरडली, "अगं बये, म्हणजे बाटली आपल्या पेटीतच आहे ना!" माझ्या पाठीमागेच बर्फाची पेटी होती.

मालनताईने ती तपासून, वहिनीच्या रक्ताशी जुळवून दिली. मंडळाच्या जीपने मी ती नर्सिंग होमला पोचवली. डॉक्टर म्हणाले, ही लावतो, पण एकीने भागायचं नाही, आणखी हवी. मी रिक्षा केली आणि टेंभीपाडा गाठलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. वाटलं, अंबादासच्या पाया पडेन, त्याच्या नात्यात कोणाचा हाच रक्तगट आहे का ते विचारेन.

टेकडीवर त्याचं घर. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. मी धापा टाकत काय सांगितलं देव जाणे. अंबादास एका कंपनीत फिटर आहे, त्याने ऐकलं आणि सरळ बाही वर केली. "घ्या परत." मी म्हटलं, "तुमचं नाही चालणार हो." तेव्हा आतून त्याची बहीण हात पुसत आली. द्रौपदीबाई.

"म्या बी आल्ते की सकाळी दादासंगं," ती म्हणाली. "लई येळ हुबी ऱ्हायले. तुमचं मशीनच पुढं सरकंना. नळ जाईल म्हणून आले निघून."

"तुमचा रक्तगट..."

"आमचं दोघांचं एकच हाय. माझ्या बाळंतपणात डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या. चला, चप्पल घालते."

रिक्षात ती माझा हात धरून बसली होती. जे निघून जाताना मी बघितले होते त्यांत ती होती, दादा. मी तिन्ही इंडेक्स चालू ठेवले म्हणून ती लिहिली गेली नाही, आणि एक बंद केला म्हणून तिचा भाऊ सापडत नव्हता. दोन्ही माझ्याच हातून. तिची बाटली अगदी वेळेवर लागली. थोडा उशीर झाला असता तर काय, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

मुलगी लहान आहे. दोन दिवस काचेच्या पेटीत होती, आज वहिनीजवळ दिली. रडते मांजरासारखी.

आता रागाव.

अनु

---

मस्कत
३ ऑक्टोबर १९८८

चि. अनु,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभ्यानेच वाचलं. मग खाली बसलो.

रागावलोय. खूप रागावलोय. तुम्ही दोघींनी मिळून मला परका केलंत. ज्या वेळी तू त्या दिव्याकडे बघत होतीस त्या वेळी मी इथे पत्ते खेळत होतो, हे मला आयुष्यभर खात राहील. आणि वर जिलबी वाटली, वर तुला लिहिलं की काही बिघडत नाही म्हणून. ते पत्र मिळालं असेल तर फाडून टाक.

"शिबिरात रक्तगट शोधायला कोण बसलंय?" हे मी लिहिलं होतं ना? फार शहाणा मी. इथे मालाच्या खोक्यांचे हिशेब ठेवतो, खोकं उशिरा सापडलं तर फार तर साहेब ओरडतो. मी माणसांचा विचारच केला नाही. तू स्वतःला दोष देतेस, त्यातला अर्धा माझ्या नावावर लिही.

आता ऐक. मंडळाचा इंडेक्स काढून टाक. भाऊंना ढाल द्यायची असेल तेव्हा यादी अख्खी रात्र लागून निघाली तरी चालेल. नावाचाही काढ, एक माणूस दोनदा लिहिला गेला तर कोणाचं काही जात नाही. रक्तगट आणि उपनगर तेवढा ठेव, आणि तो काही झालं तरी बंद करायचा नाही. एकाच इंडेक्सवर रांग अडणार नाही.

साहेबाशी बोललो. पासपोर्ट मिळाला. तिकीट महिनाअखेरचं आहे.

एक विचारायचं आहे आणि मला तिला विचारवत नाही. सुगंधाला त्या दिवशी काही कळत होतं का? ती घाबरली होती का? तिच्याशी बोलून मला लिही. जे असेल ते लिही.

अंबादास आणि द्रौपदीबाईंना माझा नमस्कार सांग. आल्यावर आधी त्यांच्याकडे जाऊ.

चंदू

---

मुलुंड (पूर्व)
१३ ऑक्टोबर १९८८

ती. दादा,

तू येतोयस हे वाचून आई देवापुढे जाऊन बसली ती उठेचना.

आता एकच इंडेक्स आहे. भाऊंनी दोन दिवस वाद घातला, मग म्हणाले, ढालीची यादी त्यांची मुलगी हाताने करेल. द्रौपदीबाई परवा पेढीवर येऊन रीतसर नोंद करून गेल्या. अंबादास म्हणाला, दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला असणार, तेव्हा कोणाला लागलं तर तुमची मालवणी मंडळी बघा. ते बरोबरच आहे, म्हणून आता प्रत्येकाला विचारून लिहितेय, कुठल्या सणाला मुंबईत नसता.

वहिनीला तुझा प्रश्न विचारला. हसली. म्हणाली, मला काही आठवत नाही, मी झोपेतच होते. खरंच सांगते दादा, तिला काहीच कळलं नाही. एवढं सगळं झालं, पण निदान ती भीतीतून सुटली, याचं मला फार बरं वाटतं.

खाली जागा ठेवतेय, तिला चार ओळी लिहायच्या आहेत.

अनु

---

अहो,

नमस्कार. वन्संनी कागद दिला आणि त्या मुलीला झोपवायला गेल्या. पाकीट मी चिकटवणार आहे असं सांगितलंय, त्यामुळे हे तुमच्याशिवाय कोणी वाचणार नाही.

मला सगळं कळत होतं. ऑपरेशननंतर मी शुद्धीवर आले होते, एक बाटली लावली होती आणि दाराबाहेर डॉक्टर वन्संना म्हणाले, दुसरी नाही मिळाली तर मी काही सांगू शकत नाही. मी ऐकलं. मग वन्सं आत आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "वहिनी, दोन्ही बाटल्या आल्या गं, आता निवांत झोप." मला माहीत होतं की दुसरी आलेली नाही. मी जागी राहिले असते तर त्यांचा पाय माझ्याजवळून निघाला नसता. म्हणून मी डोळे मिटले आणि झोप लागल्यासारखं केलं. त्या जिना उतरून जाईपर्यंत उघडले नाहीत. मग उघडले, तर खोलीत कोणी नव्हतं. तेव्हा मात्र फार भीती वाटली हो. तुमचं नाव घेतलं मी, मोठ्याने.

वन्संना यातलं काही बोलू नका. त्यांना वाटतं, त्यांनी मला फसवलं. तसंच वाटू दे.

मुलीचं नाव तुम्ही आल्यावर ठेवू. येताना काही आणू नका. नुसते या.

सुगंधा